मजुरी हा हक्क, सदका नव्हे



दसऱ्याच्या सुमारास आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या रानात कापूस फुटू लागतो आणि राळेगावपासून उमरखेडपर्यंत, दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत गावोगावी एकच विषय निघतो : यंदा वेचणीचा दर किती? शेतकरी म्हणतो, हा दर परवडत नाही. वेचणारी बाई म्हणते, या दरात घर चालत नाही. दोघेही खरे बोलत असतात. शहरात हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. दुकानात दिवसभर कापडाचे तागे उचलणारा पोरगा, बेकरीच्या भट्टीपुढे उभा राहणारा कारागीर, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, बाजार समितीतील हमाल, लग्नाच्या जेवणावळीतील वाढपी यांना मिळणाऱ्या पैशांत त्यांचा महिना भागतो का, असे आपण सहसा विचारीत नाही. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते : काम अकुशल आहे, बाजारभाव हाच आहे आणि तो स्वखुशीने राजी झाला आहे.

ही तीन उत्तरे दीनच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे या पाठात आपल्याला पाहावयाचे आहे. पवित्र कुरआनात मजुरीच्या एका कराराचे तपशीलवार वर्णन आले आहे. प्रारंभ तेथूनच करू.

मदयनच्या पाणवठ्यावरील करार

सूरह कससमध्ये (२८:२२-२८) हजरत मूसा (अलै.) यांचा प्रसंग येतो. ते मिस्र सोडून निघालेले, मदयनमध्ये परके, जवळ काही नाही, ओळखीचे कोणी नाही. पाणवठ्यावर गुराख्यांची गर्दी होती आणि दोन स्त्रिया आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. मूसा (अलै.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, सावलीत जाऊन बसले आणि आपल्या पालनकर्त्यापुढे आपली गरज मांडली. थोड्या वेळाने त्या दोघींपैकी एक लाजत लाजत आली आणि म्हणाली की, आपण पाणी पाजलेत त्याचा मोबदला देण्यासाठी वडील आपल्याला बोलावीत आहेत. पुढे त्याच वृद्ध गृहस्थांनी मूसा (अलै.) यांना आठ वर्षांसाठी कामावर ठेवले. दहा वर्षे पूर्ण केली तर ती तुमची खुशी, असे सांगितले आणि तुमच्यावर कष्ट लादण्याची माझी इच्छा नाही, असेही स्पष्ट केले. अनेक मुफस्सिरांच्या मते हे गृहस्थ म्हणजे हजरत शुऐब (अलै.) होत. कुरआनने मात्र त्यांचे नाव घेतलेले नाही.

या आयतींत मालक आणि मजूर दोघांसाठी तीन धडे आहेत.

पहिला धडा हा की, मोबदला मागण्यापूर्वी दिला गेला. मूसा (अलै.) यांनी पाणी पाजताना कसलीही अट घातली नव्हती. तरीही एका प्रामाणिक माणसाने केलेले श्रम फुकट घेणे त्या घराला रुचले नाही. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, अशा आशयाची जी हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो, तिचा भावार्थ येथे प्रत्यक्ष घडताना दिसतो.

दुसरा धडा : काम, मुदत आणि मोबदला या तिन्ही गोष्टी आधी बोलून ठरल्या. मूसा (अलै.) यांनीही आपली बाजू मांडली की, दोहोंपैकी कोणतीही मुदत मी पूर्ण केली तरी माझ्यावर जादती होऊ नये, आणि या बोलण्यावर अल्लाहला साक्षी ठेवले. म्हणजे मजुराने आपल्या हक्काचा शब्द उच्चारणे हा उद्धटपणा नव्हे. एका पैगंबराने ते केले आहे. हनफी फिकहमध्ये मजुरी निश्चित न करता केलेला इजारा फासिद मानला जातो आणि काम झाल्यावर ‘उजरत-ए-मिस्ल’, म्हणजे तशा कामाला रास्तपणे मिळणारी मजुरी, देणे लागते. ‘कामाला लाग, पाहू काय द्यायचे ते’ अशी भाषा आपल्याकडे सर्रास ऐकू येते. शरीअतला ती मान्य नाही.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. मूसा (अलै.) त्या वेळी इतके निराधार होते की, केवळ दोन वेळच्या भाकरीवरही ते राजी झाले असते. समोरच्या माणसाला ही अवस्था ठाऊक होती, कारण मूसा (अलै.) यांनी आपली सारी हकीकत त्यांना सांगितली होती. तरीही त्यांनी त्या गरजेचा भाव केला नाही. उलट त्यांना आपल्या घरात स्थान दिले. ‘तो राजी झाला’ हे उत्तर येथे अपुरे पडते. व्यवहार परस्परांच्या राजीखुशीने व्हावा, असे कुरआन सांगतो (४:२९). पण ज्याच्या घरात संध्याकाळचे पीठ नाही, त्याच्या होकारात राजी किती आणि मजबुरी किती, हे मालकाने आपल्या मनाला विचारावयास हवे.

त्याच मदयनमधील तराजू

आता एक बाब लक्षात घ्या. ज्या मदयनमध्ये हा न्याय्य करार झाला, त्याच मदयनच्या लोकांना हजरत शुऐब (अलै.) यांनी कशाविषयी बजावले होते? मापात व तोलात कमी करू नका आणि लोकांच्या वस्तू त्यांना घटवून देऊ नका, याविषयी (७:८५, ११:८४-८५). आयतीत ‘वस्तू’ हा व्यापक शब्द आला आहे. धान्य ही वस्तू आहे आणि मजुराचा दिवस हीदेखील वस्तू आहे. ज्याच्याजवळ शेत नाही, दुकान नाही, त्याच्याजवळ विकण्यासाठी स्वतःचे अंग आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ एवढेच असते. ते घटवून घेणे म्हणजे तोलात मारणे होय.

सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी, स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी मोजणारे यांचा नाश सांगितला आहे. आपल्या जिल्ह्यात ही सूरह शब्दशः लागू पडते. वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो. किलोमागचे ग्रॅम सोडून द्यायचे, ओलाव्याच्या नावाने एखादा किलो वजा करायचा, आणि तोच कापूस जिनिंगमध्ये नेल्यावर तेथील काट्यावर तक्रार करायची, हा मुतफ्फिफीनचा स्वभाव आहे. जो शेतकरी व्यापाऱ्याच्या काट्याने दुखावला जातो, त्याने आपला काटा आधी सरळ धरावा.

सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये नबी करीम (स.) यांनी सांगितले आहे की, कियामतच्या दिवशी तीन माणसांच्या विरोधात अल्लाह स्वतः उभा राहील. त्यांपैकी एक तो, ज्याने मजूर लावला, त्याच्याकडून पुरेपूर काम घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही. उरलेल्या दोघांपैकी एकाने अल्लाहच्या नावाने दिलेला शब्द मोडला आहे आणि दुसऱ्याने स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाल्ली आहे. मजुरी बुडविणारा माणूस कोणाच्या पंक्तीला बसविला गेला आहे, याचा विचार करा.

‘अकुशल’ कोणास म्हणावे?

पहिले उत्तर होते : काम अकुशल आहे. नबी करीम (स.) यांनी स्वतः मक्केतील लोकांच्या बकऱ्या मोबदला घेऊन चारल्या आणि सर्व पैगंबरांनी बकऱ्या चारल्याचे सांगितले. हजरत दाऊद (अलै.) बादशाह असूनही आपल्या हातच्या कमाईवर जगले. श्रमाची पत अल्लाहच्या दरबारात अशी आहे.

व्यवहारातही हा शब्द फसवा आहे. कापूस वेचणे सोपे असते तर आपल्या गावातील शिकलेली मुले ते एक दिवस करून दाखवतील. वाकून, काटेरी बोंडांतून बोटे न फाटता, पालापाचोळा न येऊ देता वेचलेल्या कापसालाच बाजारात प्रत मिळते. ती प्रत वेचणाऱ्या बाईच्या बोटांत असते. फवारणीचे पाहा. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीने विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाठीवर पंप, तोंडावर फार तर रुमाल आणि डोक्याइतकी वाढलेली पराटी, अशा स्थितीत त्यांनी काम केले. त्या कामाचे नावही अकुशलच होते. ज्या कामात माणूस जीव पणाला लावतो, त्याची मजुरी ठरविताना ‘यात काय कसब लागते’ असे म्हणणे इमानदार माणसाला शोभत नाही.

चुलीचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. समजा, वेचणीचा दर किलोला १० रुपये आहे आणि पहिल्या वेच्यात एका बाईने दिवसभरात ३५ किलो कापूस वेचला. तिला ३५० रुपये मिळाले. पुढच्या वेच्यांत झाडावर बोंडे विरळ होतात. दर १२ रुपये झाला तरी २० किलोच हाती लागला, तर मजुरी २४० रुपयांवर येते. श्रम तेवढेच, दिवस तेवढाच. हंगाम संपला की हे कामही संपते. रोजगार हमीच्या कामासाठी २०२५-२६ या वर्षाचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. त्या वर्षी कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस पूर्ण मिळाले तरी वर्षाला ३१,२०० रुपये होत होते, म्हणजे महिन्याला २,६०० रुपये. आपल्या घराच्या एका महिन्याच्या किराण्याची यादी यापुढे ठेवून पाहा.

जगण्यास किती लागते, हा प्रश्न आपल्या देशाने फार पूर्वी विचारला आहे. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतनाचे निकष ठरले. एका कमावत्या माणसामागे तीन प्रौढांइतका खाण्याचा खर्च, प्रत्येक प्रौढाला दिवसाला २,७०० उष्मांकांचा आहार, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर बाबींसाठी एकूण वेतनाचा वीस टक्के हिस्सा असे ते निकष होते. बायको-मुलांची कमाई त्यात धरावयाची नाही, असेही ठरले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के जोडावयास सांगितले. १९८२ मध्ये त्याच न्यायालयाने, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करवून घेणे ही वेठबिगार आहे, असा निर्णय दिला होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्येही कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे, हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून लिहिले आहे.

हे निकष वाचताना हजरत अबूजर (रजि.) यांनी निवेदन केलेली हदीस आठवल्यावाचून राहत नाही. नबी करीम (स.) यांनी हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले आणि आपण खातो त्यातून त्यांना खाऊ घालावे, आपण नेसतो त्यातून नेसवावे, ताकदीपलीकडचे काम सांगू नये आणि सांगावेच लागले तर स्वतः हात लावावा, अशी ताकीद दिली. अन्न, वस्त्र आणि कामाची मर्यादा या तिन्ही बाबी त्यात आल्या.

फिकह काय सांगते?

येथे जाणकार वाचक विचारतील : खासगी मालकाने मजुराच्या संपूर्ण कुटुंबाचा खर्च भागवावा, असे फिकहने म्हटले आहे का? प्रामाणिक उत्तर असे की, नाही. खासगी इजाऱ्यात ठरलेली मजुरी, आणि ठरली नसेल तर उजरत-ए-मिस्ल, हा नियम आहे. ‘किफायत’, म्हणजे घरखर्च भागेल इतका मोबदला, हा निकष बैतुलमालमधून दिल्या जाणाऱ्या सेवेसाठी स्पष्टपणे आढळतो. हजरत अबूबक्र (रजि.) खलीफा झाल्यावर कापडाच्या व्यापारासाठी बाजाराकडे निघाले, तेव्हा सहाबांनी त्यांना थांबविले आणि त्यांच्या कुटुंबाला पुरेल इतका निर्वाह बैतुलमालमधून ठरवून दिला.

मात्र फिकहनेच मजुरांचे दोन प्रकार केले आहेत. ‘अजीर-ए-मुश्तरक’ हा शिंप्यासारखा, दहा जणांचे काम घेणारा. ‘अजीर-ए-खास’ हा आपला ठरलेला वेळ एकाच मालकाला देणारा. तेवढ्या वेळात तो दुसरीकडे कमावू शकत नाही. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत आपल्या दुकानात उभा राहणारा मुलगा अजीर-ए-खास आहे. त्याचा अख्खा दिवस आपण विकत घेतला, तेव्हा त्याच्या रोजीची बाकी दारे आपणच बंद केली. म्हणून ज्याचा पूर्ण दिवस आपल्याकडे, त्याच्या मजुरीत त्याच्या घराची चूल पेटावी, हा न्यायाचा तगादा आहे. शिवाय इमाम इब्ने तैमिया (रह.) यांनी ‘अल-हिसबा’ या ग्रंथात मांडले आहे की, लोकांना शेती, विणकाम, बांधकाम अशा कामांची निकड असते तेव्हा शासक रास्त मजुरी ठरवून देऊ शकतो, जेणेकरून मजूर आणि मालक या दोहोंपैकी कोणावरही जुलूम होऊ नये. सरकारने ठरविलेले किमान वेतन आपण याच दृष्टीने पाहावे. तो न्यायाचा खालचा काठ आहे. त्याच्या खाली उतरण्यास मुसलमान दुकानदाराला सबब नाही.

हजरत उमर (रजि.) यांचा एक निवाडा ‘मुवत्ता’मध्ये आहे. हातिब (रजि.) यांच्या गुलामांनी मुजैना कबिल्यातील एकाची उंटीण चोरून कापली. शिक्षेचा हुकूम झाला, पण हजरत उमर (रजि.) यांना शंका आली की मालक यांना उपाशी ठेवीत असावा. मग त्यांनी दंड मालकावर बसविला : उंटिणीची किंमत चारशे दिरहम होती, त्याला आठशे द्यावयास लावले. भुकेने केलेल्या गुन्ह्याचा माग त्यांनी मालकाच्या कोठारापर्यंत नेला.

शेतकऱ्याचे काय?

‘बाजारभाव हाच आहे’ या उत्तरात एक खरी अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. किलोला १० रुपये वेचणी दिली तर क्विंटलमागे १,००० रुपये केवळ वेचणीत जातात. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि कर्जाचे व्याज वेगळे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक कापूस पावसावर अवलंबून असतो. बोंडअळी आली किंवा परतीचा पाऊस झोडपून गेला, तर शेतकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. येथील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. अशा चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला आणि बाजारपेठेत तीन दुकाने असणाऱ्याला एकाच तराजूत घालणे हाही अन्यायच होईल.

अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या ताकदीपलीकडे भार टाकत नाही (२:२८६). ज्याची ऐपत नाही, त्याच्यावर एवढे तरी बंधन आहेच : दर आधी सांगावा, काटा खरा ठेवावा, पैसे त्याच दिवशी द्यावेत, सारख्या कामाला पुरुष-स्त्री असा भेद करू नये आणि विषारी फवारणीला संरक्षक साधनांशिवाय कोणाला पाठवू नये. भेद न करण्याचा कायदा १९७६ पासून आहे. उरलेली तूट समाजाने आणि शासनाने भरून काढावयाची आहे : कापसाला रास्त भाव, रोजगार हमीची कामे वेळेवर, जकातचे योग्य वाटप. शेतकऱ्यावरचा अन्याय दूर व्हावा म्हणून बोलताना मजुराचा आवाज दाबू नये, आणि मजुराची बाजू घेताना शेतकऱ्याला जालीम ठरवू नये. परंतु ज्याची ऐपत आहे आणि जो ‘सगळे एवढेच देतात’ म्हणून हात आखडतो, त्याला या अडचणीचा आडोसा घेता येणार नाही.

जकात मजुरीची जागा घेत नाही

आपल्या घराघरांत एक गैरसमज रुजला आहे. कामवाल्या बाईला वर्षभर तुटपुंजे पैसे द्यायचे, रमजानमध्ये जकातचे हजार-दोन हजार आणि एक साडी द्यायची आणि मनाला समाधान द्यायचे की, आपण तिचे पुष्कळ केले. उलमांनी या बाबतीत नियम स्पष्ट केला आहे. घरात काम करणारी व्यक्ती जकातला पात्र असेल तर तिला जकात देता येते; पण ती कामाच्या मोबदल्यात धरली तर जकात अदा होत नाही. तिच्या पगारवाढीच्या बदल्यात जकात देणारा माणूस दोन्हीकडून कर्जदार राहतो : अल्लाहची जकात बाकी आणि बाईची मजुरीही बाकी.

याच ओघात मशिदींच्या कमिट्यांविषयी लिहिणे भाग आहे. या ओळी लिहिणारा स्वतः इमाम असल्यामुळे इमामाची बाजू तो मांडत नाही; ती मुअज्जिन आणि खादिमाची आहे. पाच वेळा अजान देणारा, वुजूखाना धुणारा, रात्री कुलूप लावून पहाटे सर्वांआधी उठणारा माणूस दुसरी नोकरी करू शकत नाही. तो पूर्ण अर्थाने अजीर-ए-खास आहे. मिनारावर आणि संगमरवरावर लाखो रुपये खर्च होतात आणि त्याच्या पगाराचा विषय निघाला की त्याला सब्र आणि सवाबचा उपदेश होतो. जुम्माच्या खुतब्यात मजुराच्या हक्कावर बोलायचे असेल, तर त्या मशिदीचे पगारपत्रक आधी तपासले जावे.

आपण काय करावे?

१. या महिन्यात आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाची यादी करा : दुकान, शेत, घर, मशीद. प्रत्येकापुढे काम, तास, पगार आणि सुट्टी लिहा.

२. त्या कामाचे शासनाने ठरविलेले किमान वेतन कामगार कार्यालयात विचारून घ्या. त्याहून कमी देत असाल तर फरक द्यावयास सुरुवात करा.

३. मागील बाकी असेल तर ती ईदपूर्वी चुकती करा. गुहेत अडकलेल्या तिघांच्या हदीसमधील एका माणसाने मजूर मजुरी न घेताच निघून गेल्यावर त्याचे धान्य वाढवून गुरांचा कळप उभा केला आणि तो परत आल्यावर सारे त्याच्या स्वाधीन केले. आपल्याला तर केवळ मूळ रक्कमच द्यावयाची आहे.

४. घरकामाच्या बाईला महिन्यातून ठरावीक सुट्ट्या द्या आणि आजारपणात पैसे कापू नका. घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीची तिला माहिती करून द्या.

५. मजूर बंधूंनीही आपले कर्तव्य जाणावे. त्या मुलीने पित्याला सांगितले होते की, कामावर ठेवण्यास उत्तम तो, जो बलवान आणि अमानतदार असेल. वेळ चोरणे हीदेखील तोलातील चोरी आहे.

सूरह नहलमध्ये अल्लाह न्याय आणि एहसान या दोहोंची आज्ञा देतो (१६:९०). न्यायाचे नाव आधी आले आहे. जगण्यापुरती मजुरी हा न्यायाचा भाग आहे; साडी, मिठाई आणि ईदी हा एहसान आहे. पहिला हप्ता थकवून दुसरा दिल्याने हिशेब पुरा होत नाही.

या अल्लाह, आमच्या कमाईत दुसऱ्याच्या घामाचा न दिलेला हिस्सा राहू देऊ नकोस. आमचे काटे सरळ ठेव, मजुरांच्या चुली पेटत्या ठेव आणि आमच्या रानांना बरकत दे. आमीन.